दाखला मिळाला, सोबतीचं काय? समावेशक शिक्षणासाठी वर्गाची तयारी कोण करणार

बेळगाव : कर्नाटकातल्या शाळा मे महिन्याच्या अखेरीस उघडतात, महाराष्ट्रातल्या शाळांची घंटा जूनच्या मध्यावर वाजते. सीमेच्या दोन्ही बाजूंना या दिवसांत दाखले, आधार कार्ड, पुस्तकं आणि गणवेश यांचीच धावपळ असते. त्या गर्दीत काही पालक आणखी एक कागद घेऊन मुख्याध्यापकांपुढं बसलेले असतात, मुलाच्या दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र. अशा मुलाला तोंडावर 'नाही' म्हणणाऱ्या शाळा आता कमी झाल्यात. कायद्याचा धाक आहे, आणि मराठी शाळांना पटसंख्येची गरजही आहे. नाव लिहून घेतलं जातं, संगणकावरच्या 'विशेष गरजा असलेली मुलं' या रकान्यात एक आकडा वाढतो.

दुसऱ्या दिवशी ते मूल वर्गात जातं. तिथं आधीच पंचवीस-तीस मुलं बसलेली असतात. या मुलांना मात्र कुणी काहीच सांगितलेलं नसतं.

समावेशक शिक्षणावरची चर्चा बहुतेक वेळा रॅम्प, स्वच्छतागृह, अनुदान आणि शिक्षकभरती एवढ्यावर थांबते. या गोष्टी लागतातच. पण दिव्यांग मुलाचा शाळेतला दिवस कसा जाणार, हे ठरवणारी बहुतेक माणसं आठ-दहा वर्षांची असतात. डबा खायला बरोबर कोण बसणार, खेळात कोण घेणार, फळ्यावरचं कोण वाचून दाखवणार, हे तीच ठरवतात. त्यांची तयारी करून घेणं हे काम कुणाच्याच यादीत नाही. सीमाभागात त्यात भाषेचा गुंता आहे, म्हणून इथं हा विषय जास्त नेटानं पाहायला हवा.

कायद्यात तरतूद आहे

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ साली संसदेनं मंजूर केला आणि १९ एप्रिल २०१७ पासून तो लागू झाला. १९९५ च्या जुन्या कायद्यात दिव्यांगत्वाचे ७ प्रकार होते, नव्यात २१ आहेत. अध्ययन अक्षमता, स्वमग्नता, थॅलेसेमिया, ॲसिड हल्ल्यातले पीडित असे अनेक गट त्यात आले. ४० टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्व असलेल्या मुलाला वयाच्या ६ ते १८ वर्षांपर्यंत जवळच्या शाळेत किंवा त्याच्या पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिकण्याचा हक्क कलम ३१ नं दिला.

समावेशक शिक्षणाची व्याख्याही याच कायद्यात आहे. दिव्यांग आणि इतर विद्यार्थी एकत्र शिकतात आणि शिकवण्याची पद्धत वेगवेगळ्या मुलांच्या गरजांप्रमाणं बदलली जाते, अशी ती व्यवस्था. महाराष्ट्रात तिला 'समावेशित शिक्षण' म्हणतात, कर्नाटकात सरकारी कागदांवर 'समन्वय शिक्षण' असतं. नाव काहीही असो, व्याख्येतला पहिला भाग दाखल्याच्या दिवशी पूर्ण होतो आणि दुसरा बहुतेक ठिकाणी तिथंच अडकतो.

कलम ३९ कडं फारसं कुणाचं लक्ष जात नाही. शाळा आणि महाविद्यालयांच्या पातळीवर दिव्यांगत्व म्हणजे काय आणि दिव्यांगांचे हक्क कोणते, याची ओळख करून द्यावी आणि हे हक्क अभ्यासक्रमात आणावेत, असं ते सांगतं. म्हणजे इतर विद्यार्थ्यांची तयारी ही एखाद्या कनवाळू शिक्षकाची मर्जी नाही, ते सरकारचं काम आहे. प्रत्यक्षात हे काम ३ डिसेंबरला, जागतिक दिव्यांग दिनी, उरकलं जातं. एक भाषण, एक फेरी, एक फोटो. पोरांना त्यातनं कळतं ते इतकंच की 'बिचाऱ्यांना मदत करावी'.

हिशेब मांडून पाहिला तर

२०११ च्या जनगणनेत देशात २.६८ कोटी दिव्यांग नोंदले गेले, लोकसंख्येच्या २.२१ टक्के. त्यात महाराष्ट्रात सुमारे २९.६३ लाख आणि कर्नाटकात सुमारे १३.२४ लाख. शाळांच्या बाजूचा आकडा पाहिला तर २०२१-२२ च्या 'यू-डायस प्लस' अहवालात देशभरात विशेष गरजा असलेले २२.६७ लाख विद्यार्थी होते. त्या वर्षी शाळांत एकूण साडेपंचवीस कोटींवर मुलं होती. म्हणजे शंभरामागं एकसुद्धा नाही. ही तफावत दोनच गोष्टींनी होते. काही मुलं शाळेत आलीच नाहीत, आणि काही शाळेत आहेत पण कुणी ओळखलेली नाहीत. 'ढ' म्हणून मागच्या बाकावर गेलेल्या कित्येक पोरांना मुळात अक्षरंच नीट ओळखू येत नसतात, किंवा कानानं कमी ऐकू येत असतं. कायद्यानं दर पाच वर्षांनी शाळकरी मुलांचं सर्वेक्षण करायला सांगितलंय ते याचसाठी.

आता विशेष शिक्षकांचा हिशेब. सर्वोच्च न्यायालयानं ऑक्टोबर २०२१ च्या निकालात प्राथमिक स्तरावर दर १० दिव्यांग मुलांमागं एक आणि त्यावरच्या वर्गांत दर १५ मुलांमागं एक विशेष शिक्षक असं प्रमाण घालून दिलं. मार्च २०२५ मध्ये न्यायालयाला राज्यांना पुन्हा सांगावं लागलं, की पदं मंजूर करून जाहीर करा. महाराष्ट्रानं ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्र स्तरावर विशेष शिक्षकांच्या ४,८६० पदांचा निर्णय घेतला. कर्नाटकात हे काम तालुक्याच्या बीआरसी कार्यालयातले विशेष शिक्षक बघतात, शाळांत त्यांना 'बीआयईआरटी' म्हणतात. एका तालुक्यात शाळा शंभराच्या वर असतात. समजा एका शिक्षकाच्या वाट्याला १५० शाळा आल्या आणि वर्षात २२० दिवस शाळा भरली. रोज एक शाळा केली तरी एका शाळेला वर्षातनं एक, फार तर दोन भेटी होतात. त्यातही शिबिरं, बैठका आणि प्रमाणपत्रांची कामं वजा करावी लागतात.

म्हणजे २२० पैकी २१८ दिवस ते मूल वर्गशिक्षक आणि सोबतच्या मुलांच्या हवाली असतं. पदं भरायलाच हवीत, त्यासाठी पाठपुरावाही हवा. पण उद्या सगळी पदं भरली तरी मधल्या सुट्टीत त्या मुलाशेजारी विशेष शिक्षक बसणार नाही. तिथं सोबतीच लागतात.

पैशाची बाजूही पाहायला हवी. समग्र शिक्षा योजनेत दर दिव्यांग मुलामागं वर्षाला ३,५०० रुपयांची तरतूद आहे, मुलींना महिना २०० रुपयांप्रमाणं दहा महिने भत्ता आहे. साधनं, प्रवास आणि मदतनीस यांना हे पैसे पुरत नाहीत, ही तक्रार खरी आहे. वर्गातल्या मुलांची तयारी करायला मात्र एक रुपयाही लागत नाही. लागतो तो वेळ, आणि कुणीतरी ठरवून केलेली सुरुवात.

भाषा कुठं आड येते, कुठं येत नाही

सीमाभागातल्या मराठी शाळेतलं मूल पहिली भाषा मराठी, दुसरी कन्नड आणि तिसरी इंग्रजी शिकतं. २०१५ च्या कन्नड भाषा अध्ययन कायद्यानं राज्यातल्या सगळ्या शाळांत कन्नड पहिली किंवा दुसरी भाषा म्हणून सक्तीची झाली. दिव्यांग मुलाच्या बाबतीत या तीन भाषांचा भार वेगवेगळ्या तऱ्हेनं पडतो.

अंध मुलाच्या बाबतीत एक गोष्ट कमी लोकांना ठाऊक असते. भारती ब्रेल ही पद्धत १९५१ मध्ये ठरली, आणि तिच्यात भारतीय भाषांतल्या एकाच ध्वनीला एकच खूण आहे. मराठीतला 'क' आणि कन्नडमधला 'क' ब्रेलमध्ये बोटाला सारखाच लागतो. कन्नडमधल्या ऱ्हस्व ए, ऱ्हस्व ओ अशा काही जादा अक्षरांचा अपवाद सोडला तर मराठी ब्रेल येणारं मूल कन्नड अक्षरं वाचू शकतं. अर्थ शिकावा लागतो, लिपी नाही. डोळस मुलाला ज्यासाठी दोन लिप्या घोटाव्या लागतात ते काम अंध मूल एकाच लिपीत करतं. हे वर्गातल्या इतर मुलांना करून दाखवलं तर त्यांच्या नजरेत त्या मुलाची जागा लगेच बदलेल.

कर्णबधिर मुलांचंही थोडंफार तसंच आहे. भारतीय सांकेतिक भाषा मराठी किंवा कन्नडवर अवलंबून नाही. जागोजागी थोडे फरक आहेत, पण बेळगावच्या आणि कोल्हापूरच्या कर्णबधिर माणसांना एकमेकांशी बोलायला दुभाषी लागत नाही. दिल्लीतल्या भारतीय सांकेतिक भाषा संशोधन आणि प्रशिक्षण केंद्रानं २०२१ मध्ये १०,००० शब्दांचा कोश पूर्ण केला, त्याचे व्हिडिओ मोबाईलवर फुकट बघता येतात. पाचवीतली पोरं आठवड्याला दहा खुणा शिकली तर दिवाळीपर्यंत रोजच्या बोलण्यापुरतं येऊन जातं.

भाषा आड येते ती पुस्तकांत आणि माणसांत. कर्नाटकातल्या मराठी शाळांत पुस्तकं राज्याच्या पाठ्यपुस्तक सोसायटीची असतात, बालभारतीची नव्हे. म्हणून महाराष्ट्रात तयार झालेलं ब्रेल किंवा ध्वनिपुस्तक इथल्या मुलाच्या हातात आलं तरी धडे जुळत नाहीत. तालुक्याचा विशेष शिक्षक, थेरपिस्ट, अर्ज, प्रशिक्षणाचं साहित्य हे सगळं बहुतेक कन्नडमधनं चालतं. जांबोटी-कणकुंबी भागातल्या आईला मुलाच्या व्यायामाची माहिती कन्नडमध्ये सांगितली तर ती मान डोलावते आणि घरी येऊन शेजाऱ्याला विचारते. कायद्याचं कलम १६ सांगतं की अंध किंवा कर्णबधिर मुलांचं शिक्षण त्यांना सर्वांत योग्य अशा भाषेतनं आणि माध्यमातनं व्हावं. सीमाभागात भाषिक हक्कांची निवेदनं आजवर पुष्कळ दिली गेली. त्यात दिव्यांग मुलाचं नाव क्वचितच आलं.

दुसऱ्या आणि तिसऱ्या भाषेच्या अभ्यासातनं दिव्यांग विद्यार्थ्याला सूट देण्याचा उल्लेखही याच कायद्याच्या कलम १७ मध्ये आहे. ही सवलत घ्यायची की नाही, हे मात्र नीट विचारानं ठरवायला हवं. ज्या मुलाला एक भाषा लिहितानाच दमछाक होते त्याला ती जरूर मिळावी. पण जे मूल फक्त चालू शकत नाही किंवा बघू शकत नाही, त्याला 'राहू दे, तुला कन्नड नको' म्हणणं म्हणजे पुढं इथल्या कार्यालयाची आणि नोकरीची वाट अरुंद करणं. भाषेचं राजकारण एका बाजूला ठेवून ज्याच्या त्याच्या गरजेवर हा निर्णय व्हावा.

वर्गाची तयारी म्हणजे नेमकं काय

पहिलं काम शब्दांचं. कायद्याच्या मराठीत 'दिव्यांग', कर्नाटकच्या कन्नड कागदांत 'विकलचेतन', आणि गल्लीत 'लंगड्या', 'मुकं', 'येडं'. पोरं गल्लीतला शब्द वर्गात आणतात, कारण घरात मोठी माणसं तोच वापरतात. शिक्षकांनी पहिल्याच आठवड्यात एवढंच ठरवून टाकावं, की प्रत्येकाला त्याच्या नावानं हाक मारायची. हा नियम जाडजूड पोराला, काळ्यासावळ्या पोरीला आणि तोतरं बोलणाऱ्यालाही लागू. नियम सगळ्यांसाठी असला की तो एका मुलाभोवती फिरत नाही.

दुसरं काम विचारण्याची सवय लावणं. मदत करण्याआधी 'करू का?' असं विचारायचं. अंध मुलाशी बोलताना आधी आपलं नाव सांगायचं आणि त्याचं दप्तर हलवलं तर त्याला सांगून हलवायचं. कमी ऐकू येणाऱ्या मुलाशी समोरून बोलायचं, एका वेळी एकानं. चाकाच्या खुर्चीला रेलायचं नाही, खुर्चीवालं मूल सांगेपर्यंत ती ढकलायची नाही. स्वमग्न मुलाला गोंगाट सोसत नसेल तर त्याच्या कानाजवळ टाळ्या वाजवायच्या नाहीत. या गोष्टी उपदेशानं रुजत नाहीत. दोन पोरांना पुढं बोलावून करून दाखवल्या की दहा मिनिटांत कळतात.

तिसरं, जोडी लावणं आणि ती बदलत ठेवणं. आपल्याकडं असा एक रिवाज पडलाय की वर्गातल्या सर्वांत शहाण्या मुलीला दिव्यांग मुलाशेजारी बसवायचं आणि वर्षभर निश्चिंत व्हायचं. त्यात त्या मुलीचं बालपण जातं आणि दिव्यांग मुलाला मैत्रिणीऐवजी ताई मिळते. आठवड्याला जोडी बदलली की वर्षात सगळा वर्ग त्या मुलाला ओळखू लागतो. मुलगेही यात यायला हवेत. स्वच्छतागृहात नेणं, कपडे बदलणं, औषध देणं ही कामं मात्र मुलांवर टाकू नयेत, ती मोठ्या माणसांची आहेत. जास्त आधार लागणाऱ्या मुलासाठी मदतनीस आणि वाहतुकीची तरतूद कायद्यातच आहे.

चौथं, खेळ. मधली सुट्टी आणि पीटीचा तास, इथंच मूल एकटं पडतं. 'तू बस, स्कोअर लिही' हा त्याचा ठरलेला वाटा. अंधांचं क्रिकेट आवाज करणाऱ्या चेंडूनं खेळतात, गोलंदाजी हात खालून फिरवून होते. डोळ्यांना पट्टी बांधून डोळस पोरंही तेच नियम पाळून खेळली तर कुणाला दया येत नाही, उलट आपल्याला चेंडू का सापडेना म्हणून ती चिडतात. नोव्हेंबर २०२५ मध्ये कोलंबोत अंध महिलांचा टी-२० विश्वचषक भारतानं जिंकला. त्या संघाची कर्णधार दीपिका टी. सी. कर्नाटकची आणि उपकर्णधार गंगा कदम महाराष्ट्राची. सीमेवरच्या शाळेत सांगायला याहून चांगली गोष्ट कुठली?

पाचवं, दिव्यांग मुलाची स्वतःची तयारी. आजवर घरात आईनं सगळं न मागता दिलेलं असतं. वर्गात 'मला दिसत नाही, पुढं बसू का?', 'हळू बोला', 'हे मी स्वतः करतो' ही तीन वाक्यं त्याला म्हणता यायला हवीत. ती घरी सराव करून येतात. मूल मागायला शिकलं की सोबत्यांनाही काय करायचं ते कळतं.

एक सावधगिरी मात्र बाळगायला हवी. एनसीईआरटीच्या 'प्रशस्त' या तपासणीसूचीवरनं शिक्षकांना मुलांमधल्या अडचणीची प्राथमिक नोंद करता येते. तो निदानाचा कागद नव्हे, आणि वर्गात वाचून दाखवायचा तर मुळीच नव्हे. आजाराचं नाव सांगितल्याशिवायही वर्गाची तयारी होते. मुलाला काय लागतं तेवढंच सोबत्यांना कळलं तरी पुरतं.

लेखनिक : तयारीची खरी कसोटी

दहावीच्या परीक्षेला अंध किंवा हातानं लिहू न शकणाऱ्या विद्यार्थ्याला लेखनिक मिळतो. केंद्र सरकारच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांत दर तासाला किमान २० मिनिटं जादा वेळ होता, आणि विद्यार्थी स्वतःचा लेखनिक आणणार असेल तर त्याचं शिक्षण एक पायरी खालचं असावं, असं म्हटलं होतं. सीमाभागात या लेखनिकाला मराठीतनं ऐकून मराठीत शुद्ध लिहिता यायला हवं आणि कन्नडच्या पेपराला कन्नड लिपीही यायला हवी. असं मूल मराठी शाळेच्या आठवी-नववीतच सापडतं, बाहेरून आणून मिळत नाही.

तरीही लेखनिकाचा शोध बहुतेक ठिकाणी परीक्षेच्या तोंडावर सुरू होतो. आपल्या मुलाचे दिवस वाया जातील म्हणून पालक बिचकतात. शेवटी मिळेल त्याला बसवलं जातं, दोघांनी एकमेकांचा आवाजसुद्धा आधी ऐकलेला नसतो. अंध मूल सांगतं एक आणि कागदावर उतरतं दुसरं. गुण त्याचे जातात. हेच काम जूनपासून, चाचणी परीक्षेपासून केलं तर सांगणाऱ्याला स्वल्पविराम सांगण्याची आणि लिहिणाऱ्याला आपल्या मनाचं न घालण्याची सवय लागते. दर वर्षी आठवी-नववीतली चार-पाच मुलं तयार ठेवणं हे मुख्याध्यापकांच्या हातातलं काम आहे. त्यासाठी कुणाच्या आदेशाची वाट बघायला नको.

'आमच्या पोराचं नुकसान होईल'

ही शंका पालकसभेत उघडपणे येत नाही, फाटकाबाहेर येते. शिक्षक एका मुलात अडकले तर बाकीच्यांचं काय, असं विचारणारे पालक दुष्ट नसतात. एकाच शिक्षकाकडं दोन-तीन वर्ग असलेल्या शाळेत ही शंका रास्त आहे. तिला गोड बोलून गप्प करण्यापेक्षा उत्तर द्यावं.

फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिणं, सूचना एकेक करून देणं, धडा चित्रानं किंवा वस्तू दाखवून समजावणं, मुलांना जोडीनं शिकायला लावणं, हे दिव्यांग मुलासाठी करायचे बदल आहेत. घरी मराठी बोलून कन्नड आणि इंग्रजीशी झुंजणाऱ्या सगळ्याच पोरांना त्यांचा उपयोग होतो. दुसऱ्याला समजावून सांगणारं मूल तो धडा सहसा विसरत नाही, हा तर जुन्या एकशिक्षकी शाळांचाच अनुभव आहे. मोठ्या मुलानं लहानाला शिकवायचं, ही सवय खानापूरच्या वाड्यांवरच्या शाळांना नवी नाही.

या छोट्या शाळांची दुसरी बाजूही बघायला हवी. पटसंख्या कमी झालेल्या शाळा मोठ्या शाळेत विलीन करायचा विषय निघाला की चर्चा मराठी शाळा वाचवण्याभोवती फिरते. शाळा बंद झाली तर धडधाकट पोरं चार-पाच किलोमीटरवर बसनं किंवा सायकलनं जातील. ज्याला चालता येत नाही किंवा एकट्याला सोडता येत नाही ते मूल घरी बसेल. 'जवळची शाळा' हा त्याचा कायद्यातला हक्क आहे, तो शाळेबरोबरच जातो. शाळा वाचवण्याच्या निवेदनात हा मुद्दा पहिल्या ओळीत यायला हवा.

इतर शहरांतल्या मराठी घरांचं काय

गोव्यात सरकारी शाळांतलं प्राथमिक शिक्षण बहुतेक मराठी किंवा कोकणीतनं होतं आणि पाचवीला बहुतेक मुलं इंग्रजीकडं वळतात. दिव्यांग मुलासाठी हा दुसऱ्यांदा शाळा सुरू करण्यासारखा प्रकार असतो. माध्यम नवं, इमारत नवी, सोबतीही नवे. जानेवारी २०२३ मध्ये पणजीत पहिला 'पर्पल फेस्ट' झाला आणि गोव्यात दिव्यांगांचा विषय मोठ्या व्यासपीठावर आला. पण चौथीतल्या दोन सोबत्यांना पाचवीत त्याच तुकडीत ठेवणं, ही साधी गोष्ट तिथल्या पालकांनी मागून घ्यावी. तिला खर्च नाही.

इंदूर, बडोदा, हैदराबादमधल्या मराठी घरांपुढचा प्रश्न निराळा आहे. तिथं शाळा हिंदी, गुजराती, तेलुगू किंवा इंग्रजीत. मूल उशिरा बोलू लागलं की नातेवाईक, कधी शाळाही सांगते, 'घरी मराठी बंद करा, एकच भाषा ठेवा.' आईवडील घाबरून ऐकतात. मग आजीशी बोलणं तुटतं, कारण आजीला दुसरी भाषा धड येत नाही. दोन भाषांमुळं मुलाचं बोलणं लांबतं, हा समज वाचा आणि भाषेचे तज्ज्ञ आज मान्य करत नाहीत. ज्या भाषेत घरातली माणसं मोकळेपणी बोलतात ती भाषा मुलाला हवीच. हैदराबादच्या वाचकांसाठी सांगायचं तर बौद्धिक दिव्यांगांसाठीची राष्ट्रीय संस्था सिकंदराबादेतच आहे. मराठी सोडण्याआधी तिथं किंवा अशा ठिकाणी दाखवून घ्यावं.

या वर्षी हातात काय आहे

कर्नाटकात प्रत्येक सरकारी शाळेला एसडीएमसी आहे. वर्षाच्या पहिल्या बैठकीत तीन विषय घालायला काही हरकत नाही. शाळेत कोणत्या मुलाला काय लागतं याची यादी, बीआयईआरटी शिक्षकांच्या भेटीची तारीख, आणि पहिल्या महिन्यात प्रत्येक वर्गात अर्ध्या-अर्ध्या तासाची चार सत्रं. भेट ठरली की त्या दिवशी शिक्षकांनी एकट्या दिव्यांग मुलाला बाजूला घेऊन न बसता पूर्ण वर्गाला एक तास द्यावा, अशी विनंती करता येते. वर्षात एकच भेट होणार असेल तर तिचा फायदा तीस मुलांना व्हायला हवा. माहिती मराठीत द्या, हेही त्याच पत्रात लिहावं.

ग्रामपंचायतींकडं 'व्हीआरडब्ल्यू' म्हणून ओळखले जाणारे ग्रामीण पुनर्वसन कार्यकर्ते आहेत, त्यातले बहुतेक स्वतः दिव्यांग आहेत. पेन्शन आणि कार्डाच्या कामापलीकडं त्यांना कुणी बोलावत नाही. गावातलाच माणूस वर्गात येऊन 'मला शाळेत काय आवडायचं आणि कशाचा राग यायचा' हे मराठीत सांगेल, तर ३ डिसेंबरच्या पाहुण्यापेक्षा पोरं त्याचं जास्त ऐकतील. स्थानिक संस्थांच्या निधीतला ५ टक्के वाटा दिव्यांगांसाठी असतो. आवाजाचे चेंडू, मोठ्या अक्षरांची पुस्तकं, वर्गाच्या दारातला उतार यासाठी ग्रामसभेत मागणी करायला हवी.

प्रमाणपत्राचं कार्ड देशभर चालतं. विशेष शिक्षकांची पदं न्यायालयाच्या रेट्यानं आज ना उद्या भरली जातील. पुस्तकांचा आणि भाषेचा प्रश्न राजधान्यांत सुटायला वेळ लागेल. वर्गातल्या तीस पोरांना मात्र यातल्या कशाची वाट बघायची गरज नाही. शाळा उघडली की पहिल्या सोमवारी सुरुवात करता येते, आणि ती वर्गशिक्षकांनीच करायची आहे.